फुटलेला नारळ कुणाचा?

नारळ लढवणारा नुसता बघून नारळ घेत नाही. ढिगातून एकेक उचलतो, कानाशी नेतो, बोटाच्या पेराने ठोकून बघतो. करवंटी किती जाड, ते त्याला आवाजावरून कळतं. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर मानाचं श्रीफळ समुद्राला अर्पण होतं आणि त्याच गर्दीत हे नारळ एकमेकांवर आपटू लागतात. नियम एवढाच : एकाने आपला नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर घाव घालायचा. ज्याचा फुटला तो हरला. कधी घाव घालणाऱ्याचाच फुटतो, तेव्हा हशा दुप्पट. फुटलेला नारळ जिंकणाऱ्याच्या पिशवीत जातो.

मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे शेवटचं कलम. हरण्याची किंमत एक नारळ, आणि ती तिथल्या तिथे, चारचौघांत चुकती होते. समोरचा म्हणतो, "फुटलो! दुसरो काढ." हरलेला पुन्हा पिशवीत हात घालतो. दहा नारळ गमावलेला माणूसही संध्याकाळपर्यंत बंदरावरच असतो. तो घरी गेला तर जिंकणाऱ्याने लढायचं कुणाशी?

अलीकडे याच्या रीतसर स्पर्धा होतात. मंडप, ध्वनिक्षेपक, मोठी बक्षिसं. बक्षीस मोठं झालं की फुटलेल्या नारळाची पत घसरते, हे खरं. पण त्याच मंडपांमुळे बायकांच्या स्वतंत्र स्पर्धा सुरू झाल्या. ज्या हातांनी जन्मभर नारळ फोडून खवले, ते आता भर बंदरावर नारळ लढवतात. एवढ्यासाठी मी ध्वनिक्षेपकाचा कर्कशपणा सोसायला तयार आहे.

शाळेतल्या स्पर्धांचं गणित वेगळं. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडी. वरच्या पायऱ्या चढलेल्याला दहावी-बारावीत सवलतीचे गुण. या गुणांना नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. "मार्क मिळतत" या दोन शब्दांवर कित्येक मुलींना घरून कबड्डीची परवानगी मिळते. शाळा सुटल्यावर विहिरीवर किंवा मासळीच्या टोपलीपाशी दिसली असती ती मुलगी तास-दीड तास मैदानावर चढाईचा सराव करते. गुण हे निमित्त असेल, पण असं निमित्त तरी कुठे सहज मिळतं?

माझी तक्रार आहे ती बाद पद्धतीवर. आडगावच्या शाळेचा संघ पहाटे उठून, डबे बांधून, एसटीने नाहीतर टेम्पोने तालुक्याला येतो. पाऊस असतोच. पहिलाच सामना बलाढ्य शाळेशी पडतो आणि तासाभरात खेळ संपतो. मुलं चिखलाचे पाय नळावर धुतात, सर परतीची गाडी बघतात. वर्षभराच्या सरावाचा हिशेब न्याहारीच्या वेळेला मिटतो. दुसरा नारळ काढायची मुभा नाही. हरायचं कसं, हे शिकायला पुन्हा पुन्हा हरावं लागतं, आणि आम्ही मुलांना वर्षातून एकदाच हरू देतो.

मालवणातच, चिवल्याच्या किनाऱ्यावर, डिसेंबरात राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा होते. तलावात तयार झालेली शहरी मुलं इथे खाऱ्या पाण्यात उतरतात, तेव्हा त्यांचा पहिला गोंधळ भिंतीचा होतो. तलावात दर पन्नास मीटरवर भिंतीला पाय लावून जोर घेता येतो. समुद्रात टेकायला काहीच नाही. वर प्रवाह आणि लाटा. शाळकरी पोरांबरोबर पिकल्या केसांची माणसंही उतरतात, दिव्यांग जलतरणपटूही. पहिला आला की टाळ्या होतात, फोटो निघतात. पण समुद्रातली शर्यत तेवढ्यावर संपवता येत नाही. पाण्यात गेलेलं प्रत्येक डोकं किनाऱ्यावर मोजून घ्यावं लागतं, शेवटचा येईपर्यंत राखणीच्या होड्या पाण्यातच ठेवाव्या लागतात. शेवटच्याला मोजण्याची ही शिस्त समुद्राच्या भीतीने आली असेल. कबड्डीच्या मैदानात बुडण्याचं भय नाही, म्हणून तिथे ती कुणाला सुचली नसावी.

तालुक्याला पहिली फेरी साखळी पद्धतीने घ्यायची म्हटलं तर स्पर्धेचा एक दिवस वाढेल. पंचांचं मानधन वाढेल, मुलांच्या उसळ-पावाचा खर्च वाढेल, एखाद्या मुख्याध्यापकाला गणिताचा तास बुडाल्याचं दुःख होईल. होऊ दे.