विहिरीतले खडे

गेवराईकडच्या एका विहिरीच्या खोदकामातून निघालेले चुनखडीचे खडे आज धुतले. उचलताना तिथल्या मामी हसल्या होत्या: "आम्ही हे वेचून बांधावर फेकतो, अन् तुम्ही पिशवीत भरता!"

खडा कापला की आत दोन गोष्टी दिसतात. मळकट पांढरा, घट्ट भाग हवा असतो. भेगेतला चमकदार स्फटिक मागाहून भरलेला, म्हणून तो टाळायचा. दिसायला मात्र तोच देखणा! दातांच्या डॉक्टरांचं असतं तसलं ड्रिल हळूहळू फिरवायचं, घाई केली की पूड तापते. मग अकीकाचा खल. दोन नमुन्यांच्या मधे खल आम्लाने धुताना माझा निम्मा दिवस जातो. वायू मोजणाऱ्या यंत्राला लागते शंभरेक मायक्रोग्रॅम पूड, मिठाच्या दोन-तीन कणांएवढी.

बाटलीतली हवा काढून ७० अंशांना तीव्र फॉस्फरिक आम्लाचे थेंब सोडले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. आम्लात पाणी राहिलं, तर वायूतला ऑक्सिजन त्याच्याशी अदलाबदल करतो आणि आकडा बिघडतो.

त्या वायूतल्या जड कार्बनवरून जुनी झाडी कळते. ज्वारी, बाजरी, ऊस आणि उष्ण प्रदेशातलं बरंचसं गवत एका भावकीतलं. कापूस, तूर, बाभूळ दुसऱ्या भावकीतले. दोन्हींत जड कार्बनचं प्रमाण वेगळं. जड ऑक्सिजन पावसाबद्दल आणि बाष्पीभवनाबद्दल सांगतो. बीडमध्ये दुष्काळाची बोलणी रोजचीच, पण ती माणसाच्या आठवणीपुरती. हा खडा त्याहून कितीतरी जुना.

उद्या बाटल्या भरायच्या. पंखा बंद, खिडकी बंद. आणि शिंक येऊ नये.