नाथसागर भरला, वस्तीचे काय?

आमच्या छत्रपती संभाजीनगरात पाहुणे आले की आम्ही त्यांना प्रथम नागसेनवनात नेतो. बाबासाहेबांनी 1950 साली सुरू केलेले महाविद्यालय पाहून मान ताठ होते. जवळच पाणचक्की. डोंगराकडचे पाणी पूर्वी मातीच्या नळांतून येथे आणले. त्याही आधी, गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या हबशी मलिक अंबरने शहरासाठी नहर बांधली होती.

मग पैठण रस्त्याने सुमारे पन्नास किलोमीटर गेले की जायकवाडी. नाथसागर भरला की पलीकडचा काठ दिसत नाही. पाहुणे विचारतात, "एवढे पाणी, मग गुंठेवारी वस्त्यांत टँकरपुढे ड्रमच्या रांगा का?"

नव्या पाणी योजनेचे भूमिपूजन डिसेंबर 2020 मध्ये झाले. 1680 कोटींचा खर्च पुढे 2740 कोटींवर गेला. एप्रिल 2020 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत होते. नळ आठवड्याने येई, त्या दिवशी आयाबहिणींचा रोज बुडे. दाद कोणाकडे मागायची?

महाड नगरपालिकेने चवदार तळे 1924 सालीच ठरावाने खुले केले होते. पाणी मात्र ओंजळीत आले 20 मार्च 1927 ला, बाबासाहेब स्वतः तळ्यावर गेले तेव्हा! नुसत्या ठरावाने तहान भागत नाही.

म्हणून बंधू-भगिनींनो, आपल्या गल्लीत जलवाहिनी कधी येणार, हे लेखी विचारा. 2005 च्या माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. विहारात बसून दहा घरांनी मिळून तो लिहावा.

जयभीम!