राहू दे, चालू दे

आमच्या पिढीला मराठी गाणं कायम घड्याळ बघूनच भेटलं. रेडिओवर ‘आपली आवड’ कधी लागते हे घरातल्या लहानथोरांना पाठ असायचं. निवेदक आधी गीतकार, संगीतकार, गायक अशी नावं सांगायचे आणि मग गाणं मागणाऱ्यांची यादी सुरू व्हायची: कुठल्याशा वाडीचे आजोबा, त्यांच्या सुना, नातवंडं आणि समस्त मित्रमंडळ. आमच्या आजीचा जीव गाण्यापेक्षा त्या यादीत जास्त. ओळखीचं एखादं गाव आलं की पोळी लाटता लाटता तिचा हात थांबायचा.

टीव्ही आला, तरी घड्याळ सुटलं नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात दिसू लागलं आणि तालुक्याच्या गावांपर्यंत पोचायला मग बरीच वर्षं गेली. बुधवारी ‘चित्रहार’, गुरुवारी ‘छायागीत’; दोन्हींत मुख्यतः हिंदी सिनेमा. मराठीच्या वाट्याला आलेलं कमी होतं, पण तोलामोलाचं होतं. अरुण काकतकरांचं ‘शब्दांच्या पलिकडले’ त्यातलंच. कवी काय म्हणतो, संगीतकाराने त्याचं काय केलं, हे तिथे नीट बसून ऐकायचं असे. तो मांडी घालून बघायचा कार्यक्रम. त्या वेळात फोडणीचा चर्र आवाज झाला तरी बाबा स्वयंपाकघराच्या दिशेने बघायचे.

मग केबल आली. गच्च्यांवरून, झाडांवरून, विजेच्या खांबांवरून काळ्या वायरी घराघरांत शिरल्या. चॅनल व्ही आणि एमटीव्ही आले. आईबाबा बाहेर गेले की लावायचे आणि फाटकाची कडी वाजली की बदलायचे. मराठीत १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी आणि पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी सुरू झाली. ‘नक्षत्रांचे देणे’सारख्या मैफिलींनी घरं पुन्हा एकत्र बसवली. २००८–०९ च्या हिवाळ्यात तर ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ने कहर केला. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत ही पाच नावं आपल्याच भाचरांची असावीत अशी घराघरांत घेतली जात. कार्तिकी जिंकली तेव्हा निम्मं घर खूश आणि निम्मं आर्यासाठी हळहळलेलं, हे चित्र कुणाच्या घरी नव्हतं? पण तेही ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. सणाच्या ताटासारखंच; रोजच्या जेवणात मराठी गाणं नव्हतं.

रोजचं जे होतं ते केबलवाल्याच्या स्वतःच्या वाहिनीवर. प्रत्येक गावात ती एक असायचीच. एका खोलीत व्हीसीडी प्लेअर, शेजारी सीडींची चळत, आणि पडद्याच्या तळाशी पळणारी पट्टी: साड्यांचा सेल, हरवलेलं पाकीट, क्लासचे प्रवेश सुरू. मधूनच आख्खा पडदा व्यापून ‘भावी नगरसेवक’ वाढदिवसाच्या हारात उभे राहायचे. गाणी मात्र फर्मास. आनंद शिंदे, कोळीगीतं, लग्नातली गाणी, आणि २००२ नंतर ‘ऐका दाजीबा’. वैशाली सामंत यांचा आवाज, अवधूत गुप्ते यांचं संगीत आणि पडद्यावर ईशिता अरुण व मिलिंद गुणाजी. मराठी गाण्याचा व्हिडिओ इतका चकचकीत असू शकतो हे तेव्हा पहिल्यांदाच कळलं. सीडीवर ओरखडा असला की मात्र एकाच ओळीवर गाणं अडकायचं आणि कुणीतरी केबलवाल्याला फोन करायचा, “अहो, पुढे ढकला ना.”

या पार्श्वभूमीवर २०११ मध्ये ‘नाइन एक्स झकास’ ही मराठी गाण्यांची वाहिनी आली. तिची थोरली बहीण हिंदीतली ‘नाइन एक्स एम’. २००७ पासून तिने सूत्रसंचालकांची बडबड कमी करून नुसती गाणी आणि मध्येच दोन कार्टूनांचे फुटकळ विनोद असा साधा बेत यशस्वी केला होता. तोच बेत मराठीत आला. मालिका नाही, स्पर्धा नाही, परीक्षकांच्या डोळ्यांतलं पाणी नाही. सकाळी लावा, रात्री बंद करा, मधल्या वेळात मराठी गाणी. पुढच्या काही वर्षांत ‘मायबोली’ आणि ‘संगीत मराठी’ याही आल्या, आणि रिमोटवर मराठी गाण्यांचा एक लहानसा वाडाच तयार झाला.

मुहूर्तही बरा लागला होता. चोवीस तास दाखवायचं तर दाखवण्याजोगं काही हवं. ते त्याआधीच्या दहाएक वर्षांत तयार झालं होतं. अजय-अतुल यांनी ‘अगं बाई अरेच्चा’, ‘जत्रा’, ‘जोगवा’ अशी वाट काढत आणली होती. १ जानेवारी २०१० ला ‘नटरंग’ आला आणि बेला शेंडे यांच्या आवाजातल्या दोन लावण्यांनी महाराष्ट्र ताब्यात घेतला. एक पडद्यावर सोनाली कुलकर्णीची, दुसरी अमृता खानविलकरची. वाहिनी सुरू झाली तेव्हा ही शिदोरी हाताशी होती. मग निर्मात्यांनाही कळलं की सिनेमा यायच्या आधी गाणं घराघरांत वाजवून घेता येतं. २०१३ च्या ‘दुनियादारी’ची आणि २०१४ च्या ‘टाइमपास’ची गाणी आम्हाला तिकीट काढायच्या आधीच पाठ होती. पूर्वी सिनेमा चालला तर गाणं गाजायचं. आता गाणं गाजलं म्हणून लोक सिनेमाला जाऊ लागले.

आमच्या घरी या वाहिनीला वेळ नव्हती आणि खास प्रेक्षकही नव्हता. रिमोट हातात असलेला माणूस चॅनल पुढे ढकलत निघाला की आतून आवाज यायचा, “राहू दे रे, चालू दे ते.” मग ते चालूच राहायचं. आई भाजी निवडताना, आम्ही सुट्टीला आलेलो असलो तर पेपर चाळताना, भाची गृहपाठ करताना. कुणी बघत नसे, पण बंद केलं की तिघा-चौघांना लगेच कळायचं. ती लोडशेडिंगची वर्षं. वीज गेली की टीव्हीचं बटण तसंच राहायचं, आणि दोन-तीन तासांनी वीज आली की पंख्याबरोबर कुठलंतरी गाणं मधल्याच कडव्यापासून घरात सुरू व्हायचं. वीज आल्याची वर्दी आमच्या गल्लीत अशी गाण्यानेच मिळायची.

गाणं लागलं की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पट्टी उमटायची: सिनेमा, गायक, संगीतकार, गीतकार, खाली संगीत कंपनी. ती जेमतेम काही क्षण राहायची, आणि तेवढ्यात वाचून काढायची आमच्यात शर्यत लागायची. आजी तेव्हा थकली होती, नजरही अधू झाली होती. ती विचारायची, “लिहिलंय कुणी?” भाची ओरडून सांगायची, “गुरू ठाकूर!” आजीला दर वेळी ते नाव नव्याने आवडायचं. गाण्याआधी नाव कळलं पाहिजे ही तिची रेडिओवरची सवय होती. मालिकांच्या शीर्षकांत आणि सिनेमाच्या शेवटच्या धावत्या नावांत जी माणसं कुणी वाचत नाही, ती या पट्टीमुळे आमच्या घरात ओळखीची झाली. संगीतकार चिनार-महेश ही दोन माणसं आहेत की एक, यावर आमच्याकडे एक अख्खी संध्याकाळ गेलेली आहे.

हे सगळं घरापुरतंही नव्हतं. सलूनमध्ये, मिसळीच्या दुकानात, मोबाइल दुरुस्तीच्या टपरीत हीच वाहिनी लागलेली असायची, कारण बातम्यांवर गिऱ्हाइकं भांडतात आणि मालिका मधूनच कुणाला कळत नाही. दाढीला बसलेल्या माणसाने आरशातल्या टीव्हीत उलटं गाणं बघणं हा त्या काळातला एक नेहमीचा प्रकार.

मध्ये एक सरकारी खोडा आला. ३१ ऑक्टोबर २०१२ च्या मध्यरात्री मुंबईत जुनी ॲनालॉग केबल बंद झाली, मार्च २०१३ अखेर पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांची पाळी आली आणि मग बाकीच्या गावांची. सेट-टॉप बॉक्स आल्यावर पडद्यावरच्या मुंग्या गेल्या, चित्र स्वच्छ झालं. पण बोटांना पाठ असलेले सगळे क्रमांक बदलले. दोन अंकी चॅनल आता चार अंकी. आमच्या घरी टीव्हीमागच्या भिंतीवर पेन्सिलीने तीन क्रमांक लिहून ठेवले होते: एक मालिकांचा, एक बातम्यांचा आणि एक गाण्यांचा. घराची गरज तेवढीच होती.

बाबांची तक्रार मात्र पहिल्यापासून होती आणि ती रास्त होती. “तुमच्या या चॅनलवर अरुण दाते कसे कधी लागत नाहीत?” लागणार कसे? टीव्हीला चित्र लागतं. मराठीतलं उत्तमातलं उत्तम भावगीत हे आकाशवाणीच्या स्टुडिओत आणि तबकड्यांवर जन्मलं. त्याला नायक नाही, नायिका नाही, बाग नाही. ‘शुक्रतारा’ ध्वनिमुद्रित झालं तेव्हा ते कुणी चित्रित करावं असं कुणाच्या मनातही आलं नसेल. त्यामुळे जुन्यातलं म्हणून जे लागायचं ते दादा कोंडके, महेश कोठारे, सचिन-अशोक-लक्ष्या यांच्या सिनेमांतलं. आम्हाला ते हवंच होतं, आमचं लहानपण त्यातच गेलेलं. पण बाबांच्या पिढीचं निम्मं गाणं या वाहिनीला कधी माहीतच झालं नाही. ते पेपर उघडून समोर धरायचे आणि लावणी लागली की पेपर किंचित खाली यायचा, हा भाग वेगळा.

दुसरंही पुष्कळ बाहेर राहिलं. कितीतरी भीमगीतं, आगरी-कोळी गाणी, खानदेशातली अहिराणी गाणी या चकचकीत पडद्यापेक्षा मोबाइलच्या दुकानात अधिक भेटायची. “कार्डात गाणी मारून द्या,” असं सांगितलं की दुकानदार मेमरी कार्ड भरून द्यायचा आणि त्यात काय काय निघेल याचा नेम नसायचा. महाराष्ट्राचं खरं संगीत किती पसरलेलं आहे ते त्या कार्डांवरून जास्त कळायचं. वाहिनी मराठी होती, पण तिचं मराठीपण मुंबईत ठरत होतं आणि बरंचसं सिनेमापुरतं होतं.

२९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ लागला. त्याची गाणी टीव्हीवर दिवसरात्र होतीच, पण लोकांनी ती पहिल्यांदा फोनवर पाहिली, एकमेकांना पाठवली, लग्नात लावली. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आलं आणि डेटा सुरुवातीला फुकटच मिळू लागला. आता हवं ते गाणं हवं तेव्हा मिळत असेल तर नको असलेली गाणी उलटून जायची वाट कोण बघणार? १ फेब्रुवारी २०१९ पासून तर केबलमध्ये आपल्या वाहिन्या आपणच निवडायची वेळ आली. १३० रुपये आणि वर कर, त्यात शंभर वाहिन्या. लोक यादी घेऊन बसले, मालिका-बातम्या-क्रिकेट असं टिक करत गेले. गाण्यांच्या वाहिनीपाशी पेन अडलं नाही. ते फोनवर मिळतं की.

यात नुकसान झालं असं मी सरसकट म्हणणार नाही. बाबांना अरुण दाते शेवटी यूट्यूबनेच दिले. एका स्थिर फोटोखाली का होईना, पण पूर्ण गाणं, हव्या तितक्या वेळा. अहिराणी गाण्यांना तिथेच मोठा प्रेक्षक मिळाला. चोवीस तासांची एक वाहिनी जे करू शकली नसती ते फोनने केलं. फक्त एक गोष्ट फोनला जमत नाही: न मागितलेलं गाणं सगळ्या घराला एकदम ऐकवणं. माझ्या मुलाच्या यादीत काय आहे ते मला ठाऊक नाही आणि माझी यादी ऐकून तो उठून जातो.

त्या वाहिनीने आम्हाला काय दिलं हे बघायचं तर कुठल्याही हळदीच्या कार्यक्रमात जावं. रेडिओने आमच्या आईबाबांना गाण्यांचे शब्द दिले. ते अजूनही अंताक्षरीत आम्हाला हरवतात. टीव्हीवर दिवसभर फिरलेल्या गाण्यांनी शब्दांसोबत पावलंही दिली. डीजेवाल्याला गर्दी मांडवात आणायची असली की तो आजचं काही लावत नाही, ‘नटरंग’ ते ‘सैराट’ या सहा-सात वर्षांतलं लावतो. मग काकू येतात, जावई येतात, दहावीतली पोरं येतात आणि कुणी न शिकवता सगळ्यांचे हात एकाच वेळी वर जातात. मराठी गाण्यावर नाचताना कुणाला कमीपणा वाटत नाही. आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तो वाटायचा. हा फरक चांगल्या संगीतकारांनी पाडला हे खरंच. पण ते संगीत रोजच्या भाजी निवडण्यात मिसळून देण्याचं काम त्या वाहिनीचं. तिच्याकडे नीट बघायला आम्ही कधी बसलो नाही, आणि बसलो असतो तर ते कामही झालं नसतं.