भाड्याचा बैरागी

नोकरीच्या कागदावर सही करण्याआधी अटी नीट वाचा, असे मी वस्तीतल्या पोरांना नेहमी सांगतो. पण इंग्लंडातल्या एका बागेतल्या नोकरीच्या अटी वाचल्या आणि मीच चक्रावलो.

सरे परगण्यात पेन्सहिल नावाची बाग आहे. चार्ल्स हॅमिल्टन या सरदारपुत्राने ती १७३८ पासून उभी करायला घेतली. हा नववा मुलगा, म्हणजे बापाची इस्टेट मिळण्याची आशा नाही. तरी कर्ज काढून त्याने तळे केले, कृत्रिम गुहा केली आणि मुद्दाम पडका मठ बांधला. आपण पडक्या भिंतीला गिलावा करायला पैसे नाहीत म्हणून रडतो, आणि हा गडी पैसे ओतून पडझड बांधतो!

एवढ्याने मन भरेना. झाडीत त्याने बैराग्याची झोपडी उभारली. झोपडी झाली, मग बैरागी नको? अठराव्या शतकात तिकडच्या श्रीमंतांत ही टूमच निघाली होती. हॅमिल्टनने पगारी बैरागी नेमला, अशी हकिकत सांगतात. करार ७ वर्षांचा, मोबदला ७०० पौंड. अंगात जाडाभरडा झगा, वाचायला बायबल, निजायला चटई, वेळ मोजायला वाळूचे घड्याळ, जेवण बंगल्यातून. केस, दाढी, नखे कापायची नाहीत. आवाराबाहेर पाऊल टाकायचे नाही. नोकराचाकरांशी एक शब्द बोलायचा नाही. अट मोडली की दमडी मिळणार नाही.

मी कारकून माणूस, आधी हिशेब केला. वर्षाला १०० पौंड पडतात. त्या काळच्या इंग्रज शेतमजुराला वर्षभर राबून याचा पाव हिस्सा मिळणेही कठीण. लोभ सुटावा अशीच रक्कम. पण सगळी सात वर्षांच्या शेवटी! महिन्याचा पगार नाही, उचल नाही. काम काय, तर पाहुण्यांना दिसेल असे बसून राहायचे. धडधाकट माणूस, आणि मालकाने तळ्याकाठच्या दगडासारखा मांडून ठेवला. तीन आठवड्यांत तो पसार झाला आणि गुत्त्यात सापडला म्हणतात. दारूची तरफदारी मी कधी केली नाही. पण तो चार माणसांशी बोलायलाच तिथे गेला असावा, असे मला वाटते. करार पाहता त्या तीन आठवड्यांचे त्याच्या हाती काही पडले नसणार.

पुढे हॅमिल्टनही कर्जात बुडाला. १७७३ मध्ये बाग विकावी लागली.

मग जिवंत माणसाच्या जागी मातीची माणसे आली. नॉर्थहॅम्प्टनशायरमधल्या लॅमपोर्ट हॉलचे सर चार्ल्स आयशम यांनी १८४७ च्या सुमारास घरालगत दगडांचा डोंगर रचायला घेतला आणि त्यात जर्मनीहून आणलेले मातीचे बुटके ठेवले. बुटके खाणकामगार होते. काही तर हत्यारे टाकून संपावर बसलेले! खऱ्या खाणीत संप झाला की कामगाराच्या घरची चूल विझते. इथे साहेबांच्या खिडकीखाली तो शोभेचा झाला. आयशम १९०३ मध्ये वारले. मुलींना ते बुटके नकोसे होते. एअरगनने टिपून फोडले, असेही सांगतात. कपारीत दडलेला एकच वाचला. त्याला लॅम्पी म्हणतात, आणि तो आता वाड्यात जपून ठेवला आहे.

पेन्सहिल सध्या एका ट्रस्टकडे आहे. बैराग्याची झोपडीही पुन्हा बांधली आहे. तिकीट काढून कोणीही आत जातो, पोराबाळांचा गलका करतो आणि संध्याकाळी घरी जातो.