दुधाची गुळणी

परवा मार्केट यार्डातून सुनेसाठी बाळंतशेपा घेऊन आले, तर ती सकाळपासून चौथं दुपटं बदलत होती. आमची नात अडीच महिन्यांची. पिऊन झालं की खांद्यावर घ्यायचं, पाठ थोपटायची, ढेकर आला की मागोमाग दुधाची गुळणी. माझे दोन्ही खांदे कायम आंबूस! मी म्हटलं, "अगं, डॉक्टरांकडून औषध लिहून आण. तुझ्या नणंदेच्या मुलालाही दिलं होतं."

दिलं होतं खरं. १९९९ साली. सिसाप्राइडचं पातळ औषध, मी घड्याळ बघून पाजायची. काही महिन्यांत नातवाचं दूध टाकणं थांबलं. श्रेय मी औषधाला दिलं, चार मैत्रिणींनाही सांगितलं. पुढे कळलं, त्या औषधाने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. २०११ मध्ये भारतात त्यावर बंदी आली. नातू तेव्हा बारा वर्षांचा, खणखणीत, तरी मी लेकीला उगीचच फोन केला, "बरा आहे ना गं तो?"

या वेळी सुनेबरोबर मीही गेले. डॉक्टरीणबाई नातीच्याच वयाच्या वाटल्या (म्हणजे माझ्या मोठ्या नातीच्या!). त्यांनी आधी वजन केलं. महिन्यात पाऊण किलो वाढ. म्हणाल्या, "आजी, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेली झडप अजून कच्ची आहे. वर्ष-दीड वर्षात बहुतेक बाळांचं आपोआप थांबतं. उलटी हिरवी झाली, रक्त दिसलं किंवा वजन वाढेना, तर मात्र लगेच या." आम्ल कमी करणाऱ्या औषधाने गुळणी थांबत नाही, तिचा आंबटपणा तेवढा कमी होतो, हेही त्यांनीच सांगितलं.

घरी येऊन मुलाकडून आणखी शोधून घेतलं. २००९ मध्ये १६२ तान्ह्या बाळांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. निम्म्यांना लॅन्सोप्रॅझोल, निम्म्यांना नुसतंच औषधासारखं दिसणारं काहीतरी. दोन्हीकडे सुधारली ५४ टक्के बाळं! शिवाय खऱ्या औषधाच्या गटात छातीचे संसर्ग जास्त. सातवीला गणित शिकवलेली मी. हा ताळा मला १९९९ मध्येच सुचायला हवा होता. नातवाचं दूध टाकणं थांबलं तेव्हा तोही वर्षाचा झालाच होता की.

त्या चार मैत्रिणींपैकी एक अजून बिबवेवाडीत राहते. तिने माझ्या सांगण्यावरून नातवासाठी तेच औषध मागून घेतलं होतं. बंदीचं मी तिला आजवर बोलले नाही. उद्या तिच्याकडे जाणार आहे, बाळंतशेपा जरा जास्तच आणलाय.