फुफीजानची दाढ

दाढ दुखायला लागली की आमच्या कल्याणात माणूस डॉक्टरकडे सगळ्यांत शेवटी जातो. आधी लवंग, मग लवंगेचं तेल, मग मेडिकलमधून आणलेली गोळी. काही जण तर ॲस्पिरिनची गोळी गिळायची सोडून दाढेशेजारी हिरडीवर दाबून ठेवतात. त्याने ठणका थांबत नाही, हिरडी मात्र भाजून पांढरी पडते. मग गाल सुजला की दवाखाना आठवतो.

आम्ही दूध नाक्याजवळ राहतो. आमच्या मोहल्ल्यात लोक दाताच्या डॉक्टरला टाळतात त्याची कारणं तीन : भीती, पैसा आणि लाज.

भीतीतली सगळ्यांत जुनी म्हणजे, ‘वरची दाढ काढली की नजर जाते.’ ही समजूत शिकलेल्या घरांतही ऐकायला मिळते. नजरेची नस वेगळी, दातांची वेगळी. ज्या वयात दाढा जातात त्याच वयात मोतीबिंदू येतो, एवढाच काय तो दोघांचा संबंध. दुसरी भीती दुखण्याची. बधिर करण्याचं इंजेक्शन दिल्यावर दाढ हलवल्याचा दाब जाणवतो, पण कळ सहसा येत नाही. आली तर हात वर करून सांगावं, डॉक्टर आणखी औषध देतात. मात्र पू झालेल्या जागी ते औषध नीट लागत नाही. म्हणून सूज चढेपर्यंत वाट पाहणाऱ्यालाच जास्त सोसावं लागतं.

पैशाचं दुखणं खरं आहे. त्यापायी रस्त्याकडेला चादर अंथरून बसणाऱ्यांकडून दात काढून घेतलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने नोंदणी नसलेल्याला हे काम करता येत नाही. न उकळलेल्या पकडीतून एकाच्या रक्तातली ‘बी’ किंवा ‘सी’ कावीळ दुसऱ्याच्या रक्तात जाऊ शकते. दहा रुपये वाचवून जन्माचं लिव्हरचं दुखणं घेण्यात शहाणपण नाही. कल्याणहून लोकलने सीएसएमटीला उतरलं की सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे. मुंबई सेंट्रलला नायरचं आहे. रांग लागते, दिवस मोडतो, पण खर्च खासगी दवाखान्याच्या मानाने फार कमी येतो. सोबत कुणीतरी असावं. तोंडात बोळा धरून परतीच्या गर्दीत एकट्याने उभं राहणं सोपं नाही.

राहिली लाज. तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून फुफीजानची गोष्ट सांगतो.

२०१९ चा एप्रिल होता, शाबान चालू होता. फुफीजानची खालची दाढ हलत होती. रमजानच्या आत ती काढून टाकायची, असा त्यांचा हट्ट. आम्ही त्यांना डोंबिवलीला एका डॉक्टर मुलीकडे नेलं. तिने विचारलं, “आजी, गोळ्या कुठल्या चालू आहेत?”

“काही नाही बेटा, अल्लाहचा करम आहे.”

“तंबाखू, मिसरी?”

“तौबा, तौबा!”

आमच्या भाभींनी काही न बोलता पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि टेबलावर रिकामी केली. साखरेची गोळी, रक्तदाबाची गोळी, हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी छोटी गोळी. आणि त्यांतच घरंगळत आली ती मिसरीची डबी. फुफीजान भिंतीकडे बघत राहिल्या. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण सुनेसमोर कबूल करायचं म्हणजे काय, हे त्या वयाच्या बाईलाच विचारावं.

डॉक्टर हसली नाही, रागावलीही नाही. तिने साखर आणि रक्तदाब तपासला. रक्त पातळ करणारी गोळी कुणी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, असं तिने बजावलं. दाढेचं रक्त दाबून थांबवता येतं, पण गोळी थांबवल्याने हृदयात गुठळी झाली तर ती दाबता येत नाही. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याला गोळी किंवा वर्षाला इंजेक्शन घेत असाल तर तेही सांगा, म्हणाली. त्या औषधांनी कधी कधी दाढेखालचं जबड्याचं हाड भरून येत नाही.

मग तिने आरसा घेऊन जिभेखाली आणि गालाच्या आत पाहिलं. डाव्या गालाला, मिसरी लागते तिथेच, एक पांढरा चट्टा होता. “दाढ आज काढणार नाही. आधी याचा तुकडा तपासायचा,” ती म्हणाली.

रिपोर्ट येईपर्यंत आमच्या घरात जेवणावर कुणाचं लक्ष नव्हतं. कर्करोग नव्हता, पण पेशी बदलू लागल्या होत्या. आमच्याच गल्लीतल्या एका चाचांचं असं झालं नाही. तंबाखू खाणारा माणूस. हलणारे दात एकामागून एक कुणाकडून तरी काढून घेत गेले. शेवटची जखम तीन महिने भरली नाही. परळच्या टाटा रुग्णालयात पोहोचले तोवर रोग जबड्याच्या हाडात होता. दात नुसता किडण्याने हलत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तोंडातली कुठलीही जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर ती दाखवलीच पाहिजे.

फुफीजानची दाढ दहा दिवसांनी निघाली. सकाळची वेळ, नाश्ता करून, साखरेची गोळी घेऊन. नुसत्या इंजेक्शनवर दाढ काढायला उपाशी जाण्याचं कारण नाही, मधुमेह्याने तर मुळीच जाऊ नये. अर्धा-पाऊण तास बोळा घट्ट चावून धरायचा, सारखा काढून बघायचा नाही. खड्ड्यात साकळलेलं रक्त हीच जखमेची पट्टी. ती निसटली तर हाड उघडं पडतं आणि दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत ठणका जातो. मग परत डॉक्टरकडेच जायचं. म्हणून पहिला दिवस थुंकायचं नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही, गरम चहा नाही, विडी-तंबाखू तर नाहीच. बर्फ बाहेरून गालाला लावायचा. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याने हलक्या गुळण्या.

फुफीजानना काळजी वजूची. डॉक्टरने सांगितलं, पाणी तोंडात घ्या, खळखळवू नका, मान वाकवून आपोआप पडू द्या. डोकं खाली गेलं की रक्त उतरतं, म्हणून त्या दिवसाची नमाज त्यांनी खुर्चीवर बसून पढली. रमजानमध्ये दाढ काढायची वेळ आलीच, तर घाई नसल्यास इफ्तारनंतरची वेळ मागावी. पण ताप असेल, तोंड उघडत नसेल, सूज गळ्याकडे उतरत असेल, गिळायला किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर मगरिबची वाट बघू नये. आजाऱ्याला रोजा पुढे पूर्ण करण्याची सवलत आहे. तसंच, तासभर दाबूनही रक्त थांबत नसेल तर रात्र काढू नये.

मिसरी सुटायला वर्ष गेलं. २०१२ पासून महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिसरीला बंदी कुठून लागणार? ती ज्याची त्यानेच घालायची. दर सहा महिन्यांनी आम्ही चट्टा दाखवायला डोंबिवलीला जातो. परवा गल्लीतली एक तरुण सून दाढ दुखते म्हणून विचारायला आली, तेव्हा फुफीजाननी तिला जवळ बसवलं. “गोळ्या पिशवीत घालून ने,” त्या म्हणाल्या, “आणि डॉक्टर विचारेल त्याचं खरं सांग. तिथे सासू नसते.”