वारा पडलेला असताना

संपादकांनी दिलेला विषय सरळ होता: धान्यपिकांत तणनाशके सुरक्षितपणे कशी वापरावीत. तीस वर्षे शेतकरी मेळाव्यांत हेच सांगत आले, तेव्हा एका बैठकीत लेख होईल असे वाटले होते. पण लिहायला बसले की निफाड तालुक्यातला एक बांध डोळ्यांपुढे येतो.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. बांधाच्या एका अंगाला गहू, दुसऱ्या अंगाला ऑक्टोबर छाटणीची द्राक्षबाग, घड फुलोऱ्यात. बागेची कोवळी पाने मिटत आलेल्या पंख्यासारखी अरुंद झाली होती, शिरा एकमेकींना खेटून समांतर धावत होत्या, शेंडे वाकले होते. असे पान एकदा पाहिले की कायमचे लक्षात राहते. हे २,४-डी या तणनाशकाचे काम. दहा दिवसांपूर्वी शेजारच्या गव्हात ते मारले होते, चंदनबटवा आणि चांदवेल फार झाली म्हणून. बागवाला बोलत नव्हता. गहूवाला मात्र माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, वारा पडलेला बघूनच मारलं मी. पहाटे उठून. तुम्हीच मेळाव्यात सांगितलं होतं."

सांगितले होते, आणि एकदाच नव्हे.

हे रसायन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सापडले. वनस्पतीच्या अंगात ऑक्सिन नावाचे वाढीचे संजीवक असते, त्याची ते नक्कल करते. रुंद पानाच्या झाडाला वाढीचा हुकूम मिळतो आणि तो थांबतच नाही. पेशी वेड्यावाकड्या वाढतात, अन्नरस वाहणाऱ्या नळ्या चिरडतात, झाड स्वतःच्या वाढीनेच मरते. गहू गवताच्या कुळातला, तो यातून वाचतो. तोही वेळ पाळली तरच. फुटवे पुरते येण्याआधी मारले तर पाने कांद्याच्या पातीसारखी नळकांडी होतात, ओंब्या वाकड्या येतात. कांडे धरल्यावर मारले तरी ओंबी बिघडते. म्हणून पेरणीनंतर ३० ते ३५ दिवस. द्राक्ष, कपाशी, टोमॅटो यांना मात्र या औषधाचा वाससुद्धा सोसत नाही. कपाशीची पाने भेंडीसारखी झालेली विदर्भ-मराठवाड्यातल्या पुष्कळांनी पाहिली असतील.

लोक मला विचारतात, "हे विषारी आहे का?" या प्रश्नाचा मला आता शीण येतो. डब्यावरचा तांबडा, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण माणसाला किती धोका आहे तेवढेच सांगतो. बांधापलीकडच्या वेलीला किती धोका आहे, हे तो सांगत नाही. सुरक्षित म्हणजे कोणासाठी, हे विचारणारा शेतकरी मला क्वचितच भेटला, आणि पत्रकार तर एकही नाही. शहरातल्या वाचकाला तणनाशक म्हणजे सरसकट विष वाटते. दुकानात विचारले जाते ते फक्त "कोणतं मारू?" कोणत्या नोझलने, किती पाण्यात, केव्हा, हे कोणी विचारत नाही.

आता त्या वाऱ्याबद्दल. यावर मी लांबण लावणार आहे, कारण इतकी वर्षे मी अर्धेच सांगितले.

हिवाळ्यात आभाळ निरभ्र असले की रात्री जमीन झपाट्याने थंड होते. तिला लागून असलेली हवाही थंड होते, जड होते आणि खाली बसते. वर उबदार हवेचे झाकण पडते. एरवी हवा खालीवर घुसळत असते, ती घुसळण थांबते. गावात चुलीचा धूर वर न जाता घरांच्या उंचीवर आडवा पसरलेला दिसतो, तोच हा प्रकार. आपल्याला वाटते वारा पडला. अशा हवेत पंपातून निघालेला १०० मायक्रॉनचा थेंब अर्धा मीटर उंचीवरून दोनेक सेकंदांत खाली येतो. २० मायक्रॉनच्या थेंबाला त्याच अंतरासाठी ४० सेकंद लागतात, आणि तेवढ्यात त्यातले पाणी उडून तो आणखी हलका होतो. तो पडतच नाही. तरंगत राहतो आणि थंड हवा जिकडे उतार असेल तिकडे सावकाश सरकते, तिच्याबरोबर जातो. त्या बागेत सर्वांत जास्त नुकसान बांधालगत नव्हतेच. ते मधल्या खोलगट भागात होते. बागवाल्याने मला तिथे नेले, तेव्हा मला सगळे कळले.

भरीस भर म्हणजे औषध इथाइल एस्टर रूपातले होते. ते पानावर पडल्यावरही उन्हाने वाफ होऊन उठते. सोडियम क्षार तसा उडत नाही. किडीच्या फवारणीचे, बारीक थेंब पाडणारे नोझलही त्याने बदलले नव्हते. यातले काही चूक आहे हे त्याला सांगायला हवे होते, आणि सांगणारी मी होते.

तेव्हा बागेशेजारी एस्टर नको. ऊन वर येऊ द्यावे, धूर सरळ चढू लागला पाहिजे, पाने हलवणारी ताशी ३ ते १० किलोमीटरची झुळूक असावी आणि ती बागेकडून गव्हाकडे वाहत असावी. सपाट, जाड थेंबांचा फवारा देणारे फ्लॅट फॅन नोझल, गुडघ्याच्या उंचीला, कमी दाबाने. २,४-डीचा पंप वेगळाच ठेवावा. धुऊन तो बागेसाठी वापरू नये. मापासाठी एक गुंठा नुसत्या पाण्याने फवारून पाहावा: ५ लिटर लागले तर एकराला २०० लिटर, आणि त्या पाण्यात एकराचे औषध. मेटसल्फ्युरॉनसारखे तणनाशक गव्हाला एकरी अवघे ८ ग्रॅम लागते; तिथे अंदाजाला जागाच नाही. हातमोजे फवारताना घालतात, पण खरी गरज डबा उघडून औषध मोजताना असते, कारण तेव्हा ते पातळ झालेले नसते.

पाहणीच्या अहवालात मी कारण लिहिले: शेजारील क्षेत्रातून तणनाशक वाहून आल्याने. ते खरे होते. वारा नसताना फवारण्याचा सल्ला कोणाचा, याला त्या कागदावर रकाना नव्हता, आणि मीही समासात तो लिहिला नाही. त्याचा बोल त्या गहूवाल्याला लागला. दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. यंदाही तिथेच गहू पेरणार आहे. मी आधी बागवाल्याला फोन केला, त्या सकाळच्या हवेबद्दल आणि माझ्या सल्ल्याबद्दल सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले, "बरं" म्हणाला. मग गहूवाल्याला सांगितले की बांधाकडचा पंधरा मीटरचा पट्टा फवारायचा नाही, बायका लावून निंदून घ्यायचा. मजुरीचा हिशेब त्याने फोनवरच केला, महाग पडतो म्हणाला, आणि तरी घेणार आहे.